बेळगाव सीमाभागात उन्हाळ्यात दोघांनी कॅम्परव्हॅन घेऊन फिरताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल-मे महिन्यांत बेळगाव, खानापूर, निपाणी, सौंदत्ती, गोकाक आणि पुढे बदामी-विजापूरपर्यंत स्वतःच्या किंवा भाड्याच्या कॅम्परव्हॅनने फिरू पाहणाऱ्या जोडप्यांसाठी ही माहिती आहे. अंतरे सुमारे धरावीत.

उन्हाळ्यात हा भाग गाडीत राहून फिरण्यासारखा आहे का?

आहे, पण रात्र कुठे काढायची हे आधी ठरले पाहिजे. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात इथे दुपारी पारा ३५-३६ अंशांपर्यंत जातो, पण पहाटे तो २१-२२ वर उतरतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबी आणि सीमेपलीकडचे आंबोली याहून सुखद. पूर्वेला मात्र चित्र पालटते. गोकाक, सौंदत्ती, बदामी, विजापूर या पट्ट्यात दुपार चाळिशीच्या आसपास असते आणि दिवसभर तापलेली काळी जमीन व खडक रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात. कॅम्परव्हॅनची भिंत म्हणजे शेवटी पत्रा आणि आत २५-३० मिलिमीटर इन्सुलेशन. दुपारी चारपर्यंत उन्हात उभी राहिलेली गाडी रात्री अकरापर्यंत झोपण्याजोगी होत नाही.

म्हणून या भागातला नियम असा ठेवावा : पूर्व बघायची पहाटे आणि तिकडच्या रात्री विजेची जोडणी असलेल्या जागीच काढायच्या, बिनप्लगच्या, झाडाखालच्या रात्री पश्चिमेसाठी राखून ठेवायच्या.

किती दिवस लागतात? क्रम कसा ठेवावा?

आठ-नऊ दिवसांत घाई न करता होते. आधी पूर्व, मग पश्चिम हा क्रम आम्ही सुचवतो. सुरुवातीला अंगात दम असतो, गाडी स्वच्छ असते आणि शेवटचे दिवस गारव्यात जातात.

पहिली रात्र बेळगाव. संध्याकाळी येळ्ळूरचा राजहंसगड. दुसऱ्या दिवशी साडेपाचला निघून कित्तूरचा किल्ला, तिथून पाच-सहा किलोमीटरवरचे देगावचे कमलनारायण मंदिर, मग बैलहोंगलवरून सौंदत्ती. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत बदामी. चौथी पहाट पट्टदकल-ऐहोळेसाठी, रात्र पुन्हा बदामीत. पाचव्या दिवशी विजापूर, सहाव्या दिवशी सकाळी गोलघुमट व इब्राहिम रोजा पाहून अथणीमार्गे परतीची वाट. सातवा दिवस गोकाक आणि बेळगाव. उरलेले दोन दिवस खानापूर, हलशी, जांबोटी-कणकुंबी किंवा आंबोली.

प्रवास मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात असेल तर विजापूर सरळ गाळा. त्या दोन दिवसांत गाडीत बसून घाम पुसण्यापलीकडे फारसे हाती लागत नाही, आणि तेच दोन दिवस कणकुंबी-आंबोलीला दिले तर सहल वाया जात नाही.

भाड्याची गाडी घेताना काय बघायचे?

सगळ्यात आधी नंबरप्लेट. चालकासह मिळणाऱ्या भाड्याच्या गाडीची प्लेट पिवळी, अक्षरे काळी. स्वतः चालवायला मिळणाऱ्या गाडीची प्लेट काळी, अक्षरे पिवळी. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी कोणी भाड्याने देत असेल तर ती घेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि तपासणीत गाडी अडकली तर सहल तिथेच संपते. आरसी, विमा, पीयूसी, फिटनेस आणि कर्नाटकात चालणारा पर्यटक परवाना यांच्या प्रती डिजिलॉकरवर किंवा कागदावर जवळ हव्यात.

मग गाडीत शिरून प्रत्येक गोष्ट स्वतः चालवून बघा. फ्रिज किमान चार तास आधी सुरू केलेला असावा. पाण्याचा पंप सुरू करून सगळे नळ बंद ठेवा. पंप थांबून थांबून आपोआप ‘टक्’ करत असेल तर कुठेतरी गळती आहे. अग्निशामकाची तारीख, स्टेपनीतली हवा, जॅक त्या गाडीच्या वजनाला पुरणारा आहे का, हे बघा. छतासह गाडीची एकूण उंची मीटरमध्ये कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. ट्रॅव्हलर मिनीबसच्या सांगाड्यावरची गाडी छतावरचा एसी आणि सोलर पॅनेल धरून तीन मीटरच्या आसपास जाते, आणि रेल्वेखालच्या छोट्या भुयारी रस्त्यांवर हा आकडा आठवावा लागतो.

स्वतःच्या व्हॅनमध्ये पलंग-ओटा बसवला तर चालतो का?

काढता-घालता येणारा पलंग आणि पेटी ठेवायला हरकत सहसा येत नाही. पण सीट कायमच्या काढणे, छत कापणे, टाक्या व गॅस कायम बसवणे म्हणजे गाडीच्या मूळ रचनेत बदल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे त्याला आरटीओची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. काम करून देणाऱ्याला ते माहीत नसेल तर दुसरा गाठा.

लायसन्स आणि टोलचे काय?

एकूण वजनक्षमता ७,५०० किलोपर्यंत असेल तर एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचे, लायसन्स पुरते. दोघांकडेही ते असावे. सलग दीड-दोन तासांवर चालक बदलला की दुपारचा थकवा निम्मा होतो.

पुणे-बंगळूर महामार्गावर, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४८ वर, या पट्ट्यात कोगनोळी, हत्तरगी आणि हिरेबागेवाडी हे टोलनाके लागतात. फास्टॅगमध्ये पुरेसे पैसे ठेवा. टॅग चालला नाही तर यूपीआयने सव्वापट टोल भरावा लागतो. टॅगचा वर्ग आरसीशी जुळतो का हेही बघा. मिनीबसच्या सांगाड्यावरच्या गाडीला मोटारीचा टॅग लावलेला असेल तर नाक्यावर वाद होतो.

बॅटरी किती मोठी लागते?

दोघांचा उन्हाळ्यातला रोजचा खर्च मांडून बघू. ४०-५० लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज उन्हाळ्यात ५०० ते ६०० वॅट-तास घेतो, कारण बाहेर जितके गरम तितका कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. २५ वॅटचा एक पंखा दहा तास चालला तर २५०. दिवे आणि पाण्याचा पंप ६०, दोन फोन ५० ते ६०. एकूण ९०० ते १,०००.

१०० अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी १,२८० वॅट-तास देते, म्हणजे जेमतेम एक दिवस. दोन पंखे आणि ढगाळ संध्याकाळ धरली तर २०० अँपिअर-तास असलेली बरी. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याखाली नेली तर लवकर मरते, म्हणून तिथे आकडा दुप्पट धरावा.

छतावर २०० वॅटचे पॅनेल असेल तर निरभ्र दिवशी ८०० ते ९०० वॅट-तास मिळतात. पण पॅनेल तापले की त्याची वीज घटते : २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के. दुपारी पॅनेलचा पृष्ठभाग ६५ अंशांवर गेला तर सहावा-सातवा हिस्सा तिथेच गेला. छत आणि पॅनेल यांच्यात दोन-तीन सेंटिमीटर हवा खेळती ठेवली की फरक पडतो. शिवाय सावलीत गाडी लावली की पॅनेल झोपते. सावली की वीज, यात आम्ही नेहमी सावली निवडू. वीज चालत्या गाडीतून भरून निघते. त्यासाठी अल्टरनेटरवर ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर बसवलेला हवा. दोन तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये तो ७०० वॅट-तासांपर्यंत भरतो.

बहुतेक लिथियम बॅटऱ्यांचे बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारे सर्किट, आतले तापमान ४५ ते ५५ अंशांच्या वर गेले की चार्जिंग तोडते. बॅटरी ड्रायव्हरच्या सीटखाली बंद पेटीत असेल तर बदामीला दुपारी नेमके हेच होते आणि सोलर बिघडला असे वाटते. पेटीचे झाकण उघडा, तासभर निवू द्या.

बॅटरीवर रात्रभर एसी चालेल?

नाही. एक टनाचा इन्व्हर्टर एसी सरासरी ६०० वॅट धरला तरी आठ तासांना ४,८०० वॅट-तास होतात. २०० अँपिअर-तासाच्या बॅटरीत निम्मेच असतात. इंडक्शन शेगडीचेही तसेच : २,००० वॅट म्हणजे १२ व्होल्टला १७०-१८० अँपिअर, आणि पातळ वायर असेल तर ती वितळते. एसी फक्त बाहेरच्या प्लगवर चालवायचा.

लॉजच्या प्लगवर गाडी जोडताना काय काळजी घ्यावी?

साधा ५-६ अँपिअरचा प्लग एसीला चालत नाही. १५-१६ अँपिअरचा मागा. सोबत तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर ठेवा, अर्थिंग आहे की नाही ते लगेच कळते. जुन्या लॉजमध्ये अर्थिंगचे भोक असते, मागे वायर नसते. अशा ठिकाणी जोडणी करू नका, कारण गाडीचा सगळा सांगाडा लोखंडी आहे आणि टायर रबराचे. गळती झाली तर ती पायरीवर पाय ठेवणाऱ्याच्या अंगातून जमिनीत जाते. गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, हवाच.

एक्स्टेंशनची वायर तीन कोरची, २.५ चौरस मिलिमीटरची घ्या आणि पूर्ण उलगडून पसरा. रिळावर गुंडाळलेली वायर एसीच्या भाराने आतल्या आत तापते आणि तिचे आवरण चिकटते. व्होल्टेज १९० च्या खाली गेले तर एसी बंद ठेवा.

पाणी किती भरावे आणि कुठे?

दोघांना काटकसरीने, बादली-तांब्याने अंघोळ धरून रोज ४० ते ५० लिटर. १०० लिटरची टाकी म्हणजे दोन दिवस, आणि १०० किलो वजन. घाट चढण्याआधी टाकी काठोकाठ भरण्याचे कारण नाही. अर्धी भरलेलीही वाईट, कारण वळणावर पाणी हिंदकळते. आत आडव्या फळ्या नसतील तर पाव भागावर आणा.

पिण्याचे पाणी वेगळे ठेवा : २० लिटरचे दोन जार. कर्नाटकातल्या बहुतेक मोठ्या गावांत ग्रामपंचायतीचे शुद्ध पाण्याचे युनिट असते. नाणे टाकले की जार भरून मिळतो. पाटीवर कन्नडमध्ये ‘शुद्ध कुडियुव नीरिन घटक’ असे लिहिलेले असते. बागलकोट-विजापूरकडचे बोअरचे पाणी जड असते, ते भांड्यांना आणि अंघोळीला ठेवा. मे महिन्यात गावकरी स्वतः टँकरची वाट पाहत असतात. सार्वजनिक नळावर पाइप लावून १०० लिटर ओढू नका. लॉजवर किंवा शेतकऱ्याकडे विचारून, पैसे देऊन भरा.

संडासाची टाकी कुठे रिकामी करायची?

२० लिटरची पोर्टेबल टाकी दोघांना दोन-तीन दिवस जाते, पण उन्हाळ्यात वास दुसऱ्याच दिवशी सुरू होतो. रोज रिकामी केलेली बरी. ती फक्त संडासाच्या भांड्यातच ओतायची : राहण्याच्या जागी, पेट्रोलपंपावर किंवा बसस्थानकाच्या शौचालयात, तिथल्या माणसाला सांगून आणि नंतर दोन बादल्या पाणी टाकून. फॉर्मॅलिनचे निळे औषध सेप्टिक टँकमधले जिवाणू मारते, त्याऐवजी एन्झाइमचे वापरा.

ओढ्यात, शेताच्या बांधावर, धरणाच्या काठावर हे ओतणे हा गुन्हाच समजा. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि खाली सौंदत्तीच्या नविलतीर्थ धरणात तेच पाणी साठते. भांडी घासलेले पाणीही नदीपासून दूर, मुरमाड जमिनीवर पसरून टाका.

गॅस कोणता न्यावा?

पाच किलोचा सिलिंडर. रोज २०० ते २५० ग्रॅम धरला तर दोघांना वीस दिवस पुरतो. काही पेट्रोलपंपांवर आणि एजन्सीत ओळखपत्रावर मिळतो. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर गाडीत नको.

गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडरच्या कपाटाच्या तळाला बाहेर उघडणारे भोक लागते. वरच्या खिडकीतून गळती निघून जात नाही. ती पलंगाखाली साठते. रबरी नळीवर छापलेली तारीख बघा, पाच वर्षांवर झाली असेल तर बदला. जोडणीवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघणे दोन मिनिटांचे काम. गाडी चालताना आणि पंपावर रेग्युलेटर बंद. स्वयंपाक करताना दार उघडे. पोर्टेबल शेगडीचे ब्युटेनचे छोटे डबे मात्र आणूच नका : त्यांना ५० अंशांची मर्यादा असते आणि उन्हातली बंद गाडी ती सहज ओलांडते.

उभ्या गाडीतला उकाडा कमी कसा करावा?

चमकदार पडदा काचेच्या आतून नव्हे, बाहेरून लावा. आत लावला की ऊन काचेतून आत शिरल्यावर अडते, उष्णता गाडीतच राहते. समोरच्या मोठ्या काचेला हे सर्वात महत्त्वाचे. गाडी अशी लावा की दुपारी पश्चिमेचे ऊन मागच्या आंधळ्या पत्र्यावर येईल. फ्रिजची जाळी आणि झोपायची बाजू पूर्वेला किंवा उत्तरेला. छतावरचा पंखा हवा बाहेर फेकणारा ठेवून सावलीच्या बाजूची खिडकी उघडली तर रात्री नऊनंतर चांगला वारा खेळतो.

सावलीसाठी आंबा-फणसाखाली थांबायचा मोह होतो. मे महिन्यात नको. फणस पडला तर पॅनेल फुटते आणि वळीव आला की आंब्याच्या फांद्या मोडतात. चिंचेचे जुने, रुंद झाड किंवा गोठ्याच्या भिंतीची सावली बरी.

वळिवाच्या पावसाची काय तयारी?

दुपारी तीननंतर पूर्वेकडे ढग काळवंडले की गाडीच्या बाजूला ओढलेली कापडी छपरी गुंडाळा. वळिवाचा वारा दोन मिनिटांत येतो आणि उघडी छपरी गाडीच्या बाजूसकट उपटतो. छतावरची खिडकी बंद, बाहेरचा प्लग काढलेला. नांगरलेल्या काळ्या रानात गाडी असेल तर पहिल्या थेंबालाच डांबरी रस्त्यावर आणा. पाऊस झाल्यावर चार टन गाडी तिथून ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. खानापूरच्या तांबड्या, मुरमाड जमिनीवर हा त्रास कमी. विजा चमकत असताना गाडीतच बसा, झाडाखाली नव्हे.

टायर, वजन आणि इंजिन : उन्हाळ्यात काय बिघडते?

टायर सर्वात जास्त. कारण बहुधा एकच : हवा कमी आणि वजन जास्त. कमी हवेचा टायर वाकत राहतो, आतून तापतो आणि फुटतो. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा. दुपारी दाब चार-सहा पीएसआयने वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडू नका. टायरच्या भिंतीवरचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. सहा वर्षांवरचा टायर खोलवर नक्षी असली तरी या सहलीला नको.

पाणी, सामान, दोन माणसे भरून गाडी एकदा भुईकाट्यावर घाला. साखर कारखाने आणि उद्यमबागेसारख्या औद्योगिक भागाजवळ काटे आहेत. आरसीवरच्या एकूण वजनापेक्षा किमान १०० किलो खाली राहा. वेग ७०-८०.

बीएस-६ डिझेल गाडीला डीईएफ लागते, पंपावर लोक त्याला ‘युरिया’ म्हणतात. दहा लिटरचा डबा जवळ ठेवा, सावलीत. ते संपले तर इंजिनची ताकद कापली जाते किंवा गाडी पुन्हा सुरूच होत नाही. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही : डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी, स्वतःला साफ करत असताना सायलेन्सर भयंकर तापतो. अशा वेळी वाळलेल्या गवतावर गाडी उभी केली तर गवत पेटते. थांबायची जागा उघडी मातीची निवडा.

घाट कोणता घ्यावा?

आंबोलीला जायचे तर बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याने शिनोळी, पाटणे फाट्यावरून. सुमारे ७० किलोमीटर. गाव घाटमाथ्यावरच आहे, घाट उतरावाच लागत नाही. चोर्ला घाट जांबोटी, कणकुंबीवरून गोव्याला जातो. कणकुंबीपर्यंत सोपा, पुढे वळणे आखूड. कणकुंबीला माउलीचे देऊळ आणि मलप्रभेचा उगम बघून परतणे आम्हाला शहाणपणाचे वाटते. तिलारी घाट अरुंद आणि फार तीव्र उताराचा. लांब गाडीने त्या वाटेला जाऊ नका.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्यातच उतरा. ब्रेकवर पाय टेकवून ठेवला की द्रव उकळतो आणि पेडल मऊ होऊन खाली जाते. जळका वास आला तर थांबा, वीस-तीस मिनिटे हवेवर निवू द्या, चाकावर पाणी ओतू नका.

रात्री कुठे थांबता येते?

कॅम्परव्हॅनसाठी खास आखलेल्या जागा इथे जवळजवळ नाहीत. सर्वात चांगला उपाय : लॉजमध्ये सर्वात स्वस्त खोली घ्यायची, अंघोळ-संडास तिथे, झोप गाडीत, प्लग खिडकीतून. बदामीत कर्नाटक पर्यटन महामंडळाचे ‘मयूर चालुक्य’ आणि विजापुरात ‘मयूर आदिलशाही’ ही आवारवाली ठिकाणे आहेत. आधी फोन करून गाडीची लांबी-उंची सांगा. जांबोटी-चोर्ला आणि आंबोली भागात रिसॉर्ट व शेतघरे आहेत. दोघांचीही आधारकार्डे जवळ ठेवा, नोंदवहीत दोघांची नावे लिहितात.

मोठ्या पेट्रोलपंपावर मॅनेजरला विचारून एक रात्र काढता येते, पण तिथे शेगडी पेटवायची नाही. लष्करी हद्द, म्हणजे बेळगावचा कॅम्प आणि सांबऱ्याचा विमानतळ परिसर, धरणाच्या भिंतीजवळची जागा, नदीचे कोरडे पात्र आणि वनहद्द या चार ठिकाणी थांबूच नका.

बेळगाव शहरात गाडी कुठे न्यायची नाही?

खडेबाजार, गणपत गल्ली, किर्लोस्कर रोड : इथे रिक्षाने जा. टिळकवाडीच्या रेल्वे गेटांवर सकाळ-संध्याकाळ कोंडी असते. किल्ल्याच्या आत १३ व्या शतकाच्या सुरुवातीचे, रट्ट राजघराण्याच्या काळातले जैन मंदिर, कमल बस्ती, अवश्य बघा.

एप्रिल-मेमध्ये, वैशाखात, इथली पारंपरिक शिवजयंती येते आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. ती बघण्यासारखीच आहे. पण त्या दिवशी गाडी शहराबाहेर लावा, मधले रस्ते बंद असतात. याच महिन्यांत गावोगावच्या लक्ष्मी यात्राही असतात. नकाशा रस्ता मोकळा दाखवतो आणि गावात मांडव आडवा लागतो.

गोकाकचा धबधबा मे महिन्यात बघावा का?

पाण्यासाठी जात असाल तर नको. घटप्रभेची ५२ मीटरची ती उडी जुलै-ऑगस्टमध्ये बघायची. उन्हाळ्यात कड्यावरून एखादी धार असते, कधी तीही नाही. गोडचिनमलकीचेही तेच. तरी तो उघडा पडलेला खडक, काठची जुनी देवळे, १९ व्या शतकातली सूतगिरणी आणि झुलता पूल पाहायला सकाळचे दोन तास द्यायला हरकत नाही. पुलावर सोडतात की नाही हे तिथेच विचारा.

मग उन्हाळ्यात खरोखर बघण्यासारखे काय?

दगडी देवळे आणि किल्ले, सकाळी. हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत; गोव्याच्या कदंबांच्या काळातले हे देऊळ खानापूरपासून जवळ आहे आणि आत भर दुपारीही गार असते. कित्तूरला राणी चन्नम्मांनी १८२४ साली इंग्रजांशी झुंज दिली. त्यांची समाधी बैलहोंगलला, वाटेतच आहे. संगोळ्ळी रायण्णांची समाधी खानापूरजवळ नंदगडला.

बदामीच्या तिसऱ्या लेण्यात शके ५००, म्हणजे इ. स. ५७८ चा लेख आहे. भूतनाथ मंदिर तळ्याच्या पूर्व टोकाला असल्याने संध्याकाळचे ऊन थेट त्यावर येते. लेणी सकाळी, भूतनाथ सायंकाळी असे वाटून घ्या. पट्टदकल २२ किलोमीटरवर. १९८७ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या या समूहातले विरूपाक्ष मंदिर राणी लोकमहादेवीने पतीच्या, दुसऱ्या विक्रमादित्याच्या, विजयाच्या स्मरणार्थ उभारले. ऐहोळेच्या मेगुती टेकडीवर राजा पुलकेशीची स्तुती करणारा, कवी रविकीर्तीचा ६३४ चा लेख आहे, पण चढण उघड्या खडकावरून आहे, साडेनऊनंतर जाऊ नका. पुरातत्त्व खात्याची संग्रहालये शुक्रवारी बंद.

गोलघुमटाचा घुमट बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा. वरच्या सज्जात कुजबुज ऐकायची असेल तर दार उघडताच चढा. शाळांच्या सहली आल्या की फक्त गलका ऐकू येतो. सौंदत्तीच्या यल्लम्माला मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा. चैत्री पौर्णिमेला डोंगरावर गाडी फिरवायलाही जागा नसते.

बदामीच्या माकडांचे काय करायचे?

खिडक्या, छताची झडप, मागचे दार, सगळे बंद. नुसती जाळी ती फाडतात. हातात पिशवी, शीतपेयाची बाटली नको. वायपर आणि आरशांवर कापड बांधा.

खानापूरच्या जंगलात काही धोका?

भीमगड अभयारण्य आणि भोवतालच्या रानात अस्वले, बिबटे आणि गवे आहेत. जंगलालगतच्या रस्त्यांवर सूर्यास्तानंतर गाडी चालवू नका. उष्टे-खरकटे बाहेर ठेवू नका, विशेषतः फळांच्या साली. उन्हाळा हा वणव्याचा काळ. शेकोटी, बाहेरचा बार्बेक्यू नाही. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरायचे नाही.

कन्नड येत नाही, अडचण होईल का?

बेळगाव, खानापूर, निपाणीत मराठी सर्रास चालते. बैलहोंगल-गोकाकच्या पुढे ही तीन वाक्ये पाठ असावीत. ‘इल्लि गाडी निल्लिसबहुदा?’ : इथे गाडी लावू का? ‘कुडियुव नीरु एल्लि सिगुत्तदे?’ : पिण्याचे पाणी कुठे मिळेल? ‘एष्टु?’ : किती? वयस्कर माणसाला ‘अण्णा’, बाईंना ‘अक्का’ म्हणा. गावाचे नाव कन्नड लिपीत लिहून फोनमध्ये ठेवा. आडरस्त्यावरच्या पाट्या फक्त कन्नडमध्ये असतात.

सीमाप्रश्नामुळे महाराष्ट्राच्या पासिंगच्या गाडीला त्रास होतो का?

एरवी नाही, रोज हजारो गाड्या ये-जा करतात. ताण वाढतो तो बहुधा १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, सुमारास आणि डिसेंबरात बेळगावात भरणाऱ्या कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनात. उन्हाळ्यात आंदोलन झालेच तर आधी एसटी आणि कर्नाटकच्या बस थांबतात. बस बंद असल्याचे कळले तर त्या दिवशी कोगनोळी ओलांडू नका. सकाळी ‘तरुण भारत’ चाळला की स्थिती कळते.

वाटेत खायला आणि घरी न्यायला काय?

बेळगावचा कुंदा, गोकाक किंवा अमीनगडचा करदंट, विजापूरच्या वाटेवर कोल्हारचे मडक्यातले दही, खानापूर-चंदगडकडे करवंदे, जांभळे, फणस. कुंदा उन्हातल्या गाडीत टिकत नाही, फ्रिजमध्ये ठेवा आणि शेवटच्या दिवशी घ्या. करदंट मात्र निवांत राहतो. अथणी भागात कोल्हापुरी चपला बनतात. २०१९ च्या भौगोलिक मानांकनात बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चारही जिल्हे आहेत.

दोघांतच गाडी मागे घेताना भांडण होते. उपाय?

आधी खुणा ठरवा, ओरडणे बंद. खाली उतरलेल्याने ड्रायव्हरच्या बाजूला, मागच्या कोपऱ्यापासून तीन-चार मीटरवर, आरशात पूर्ण दिसेल असे उभे राहायचे. आरशातून माणूस दिसेनासा झाला की गाडी तिथेच थांबवायची. दोन्ही तळहात वर म्हणजे थांब. बाकीच्या खुणा मोठ्या आणि सावकाश. वरच्या फांद्या आणि विजेच्या तारा बघण्याचे काम खालच्याचे, कारण ड्रायव्हरला त्या दिसतच नाहीत. अंधारात टॉर्च जमिनीवर धरा, आरशात नाही.

अडचणीत कोणते नंबर?

११२ सर्व तातडीच्या मदतीसाठी, १०८ रुग्णवाहिका, १०३३ राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर. कणकुंबी आणि भीमगडच्या बाजूला बराच पट्टा रेंजशिवाय आहे. जांबोटी सोडण्याआधी घरी कळवा आणि नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. ऊन लागल्याची लक्षणे, म्हणजे घाम थांबणे, बोलणे असंबद्ध होणे, अंग भाजल्यासारखे तापणे, दिसली तर सावलीत घेऊन अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.